काळ्या पेटीच्या विभागातील सर्वांना

ओसाका, ३ मार्च २००७

हिसाओ,

पत्राची सुरुवात ऋतूने करायची, असं तुझ्या आईने, म्हणजे माझ्या फुमिए मावशीने, आपल्या दोघांना लहानपणी कान धरून शिकवलं. तर इकडे उमेच्या झाडांची फुलं गळायला लागली आहेत आणि कुठेही न अडखळता गळतायत. तुमच्या इंजिनाला हे अजून जमत नाही.

ऋतू झाला. ई-मेल करत नाही, कारण आमची ई-मेल कंपनीचे शाचो वाचतात आणि तुमची वकील. व्हिडिओ गेमच्या दोन्ही कन्सोलची नावंही लिहीत नाही. त्यांच्या कंपन्यांना आपण तोंड बंद ठेवायचं लिहून दिलंय. एक पेटी पांढरी, एक काळी, एवढं आपल्याला पुरे.

गेल्या वर्षी आम्ही तुमचं 'ब्लू ऑक्स' इंजिन परवान्यावर घेतलं. माहितीपत्रकावर एक निळा बैल दोन्ही पेट्या हसतमुखाने ओढत होता. खाली लिहिलं होतं, 'एकच इंजिन, सगळ्या पेट्या.' चालणं, पडणं, उजेड, सावल्या ही खालची सगळी हमाली बैलाने करायची आणि आम्ही वर फक्त खेळ रचायचा. आमच्या मुनाकाता शाचोंना कंपनीचे प्रमुख म्हणून शंका घेणं भाग होतं. मी प्रस्तावावर शिक्का उमटवला, कारण माझा मावसभाऊ तिथे काळ्या पेटीच्या विभागाचा प्रमुख आहे. मावशी हे गोबोच्या मासळीबाजारात रोज सांगते, मासे न घेता.

आता ऐक. आमच्या खेळातली ओरिन, जुन्या शहरात आगीवर पहारा करणारी बाई, पांढऱ्या पेटीवर वाऱ्यासारखी धावते. तीच ओरिन, तीच गल्ली, तुमचाच बैल, पण काळ्या पेटीवर गल्लीतले कागदी कंदील पेटले की ती एक पाय उचलते आणि तो खाली ठेवावा की नाही याचा विचार करत बसते. मग तिच्यावर चालून आलेले गुंडही विचार करतात. सगळी गल्ली चिंतनात.

काळ्या पेटीचं काम माझ्या गटाकडे आहे, आम्ही नऊ जण. सप्टेंबरअखेर ही बाई धावली नाही तर शाचो काळी आवृत्ती रद्द करणार आणि गट मोडून आम्हाला पाचिंकोच्या जुगारयंत्रांवर उडते मासे रंगवायला पाठवणार. म्हणून एकच प्रश्न विचारते. इंजिन एक, खेळ एक, मग फरक का?

वर्षअखेरीची भेट म्हणून पाठवलेले भाजलेल्या नोरीचे डबे पोहोचले का? वर 'काळ्या पेटीच्या विभागातील सर्वांना' असं लिहिलं होतं. समुद्राचं शेवाळ अमेरिकन माणसाला कसं लागतं कोण जाणे, पण सगळ्यांना पुरावेत म्हणून चोवीस पाठवले.

इत्सुको


कोलंबस, ओहायो, १९ मार्च

ती. इत्सुकोताई,

इथे बर्फ वितळतंय आणि गाड्या लावायच्या जागेत रानहंस उतरलेत. ऋतूला न्याय दिला.

तुझं पत्र विभागाच्या बैठकीत वाचलं गेलं. वातावरण गंभीर झालं. नोरी सगळ्यांना पुरली. डेव्हला तर इतकी आवडली की तो भाताशिवाय नुसतीच खातो.

विभागाचं मत असं पडलं की बैलात दोष नाही. नाचता येईना अंगण वाकडं, अशातला हा प्रकार दिसतो. रागावू नकोस. शाचोंनाही वाचून दाखवता येईल अशा भाषेत सांगतो.

पांढरी पेटी म्हणजे एक ऐसपैस स्वयंपाकघर. कोठार म्हणजे मेमरी, आचारी म्हणजे प्रोसेसर. कोठार एक, आचारी तीन, तिघेही सारखे, ज्याला जे हवं ते त्याने कोठारातून उचलावं. काळ्या पेटीतही कोठार तेवढंच, पण मधोमध भिंत. एका बाजूला चित्रं, दुसऱ्या बाजूला बाकीचं सगळं, आणि पलीकडचं काही लागलं तर वळसा घालून जायचं. आचारी एकच. त्याच्या हाताखाली सहा मदतनीस आहेत, हात विजेसारखे, पण प्रत्येकासमोर टेबल ताटाएवढं आणि कोठारात शिरायची कोणालाच मुभा नाही. ताट वाढून दिलं की क्षणात चिरून परत देतात. नाही दिलं तर बसून राहतात.

तुमच्या चित्रकारांनी पांढऱ्या पेटीसमोर बसून एका मोठ्या कोठाराच्या अंदाजाने खेळ रंगवला, आणि मग तोच संसार भिंतीच्या घरात कोंबला. दार लागणार कसं? कंदील कमी करा, चित्रं लहान करा. मे महिन्यात बैलाची नवी आवृत्ती येईल. तोवर धीर धर, आणि कृपा करून बैलाचं पोट तुम्ही स्वतः उघडू नका.

तुझा आज्ञाधारक,
हिसाओ
विभागप्रमुख


ओसाका, ११ एप्रिल

विभागप्रमुख महोदय,

साकुरा फुलला. झाडाखाली सतरंजी टाकून आमच्या गटाने आपलं पत्र ऐकलं. आमच्यातले सगळ्यात जुने प्रोग्रॅमर ओगिनो बीअरचा घोट घेऊन मला म्हणाले, "कुराता-सान, या माणसाने खानावळ काढायला हवी होती. इंजिनाच्या नादाला उगाच लागला."

तरी सल्ला मानला. चित्रकारांना निम्मे कंदील काढायला लावले. काढले त्यांनी, पण तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. आगीवर पहारा करणारी बाई आता अंधारावर पहारा करते. अडखळणं किंचित कमी झालं, पण बघण्यासारखंही काही उरलं नाही.

मग आम्ही काळ्या पेटीत नेमकं कोण काय करतं ते तपासलं. तुझा आचारी घामाघूम, आणि सहाही मदतनीस भिंतीला टेकून बसलेले. त्यांना ताट वाढणं चित्रकारांचं काम नाही हिसाओ, ते बैलाचं काम आहे. बैल वाढला पांढऱ्या घरात. तिथे ज्याने त्याने हाताने घ्यायचं, त्यामुळे वाढायची सवयच त्याला कधी लागली नाही. तोच बैल तुम्ही काळ्या घरात आणून बांधलात आणि वर माहितीपत्रक छापलंत. म्हणजे अंगण सरळ आहे, नाचणारीही धड आहे. तबलजी तेवढा झोपलाय.

हे आम्ही तुमच्या मदतकक्षाला रीतसर लिहून विचारलं. उत्तर आलं नाही. पुन्हा विचारू का म्हटलं तर शाचो म्हणाले, "कुराता, एकदा विचारलं तर विनंती होते, दुसऱ्यांदा विचारलं तर तो टोमणा होतो. माणसं कामात असतील. उन्हाळ्यात चांगली भेट पाठवू." शाचोंच्या मते जगातली सगळी यंत्रं शेवटी नोरीवर चालतात.

तेव्हा आम्ही पोट उघडलंय. ओगिनो आत शिरून ताटं वाढायची सोय करतायत. तू नको म्हणाला होतास हे मान्य. पण तू धीर धर असंही म्हणाला होतास, आणि धीर धरल्याने सप्टेंबर लांबत नाही.

इत्सुको


कोलंबस, २१ मे

ताई,

ऋतू मरू दे.

नवी आवृत्ती परवा निघाली. मदतनिसांना ताटं वाढायची पुरेपूर सोय तिच्यात आहे. विभागाने वर्षभर त्यासाठीच हाडं झिजवली. आणि ती तुमच्या बैलात बसणार नाही, कारण जिथे ती बसायची नेमक्या त्याच जागी ओगिनोंनी आपले टाके घातलेत. ओगिनोंचं काम वाईट नाही, उलट काही ठिकाणी आमच्याहून बरं आहे, पण तुमचा बैल आता आमचा राहिला नाही आणि पुरता तुमचाही झाला नाही. एक ना धड, भाराभर चिंध्या.

तुमचा तो प्रश्नही मी शोधून काढला. फार सुंदर आहे. पहिले तीन परिच्छेद त्रास दिल्याबद्दल क्षमा. चौथ्यात प्रश्न. आणि शेवटी, 'आपण अत्यंत व्यग्र असाल, तेव्हा उत्तराची तसदी घेऊ नये.' इथल्या मदतकक्षातल्या मुलीने शेवटची ओळ वाचली, यांना उत्तर नकोय अशी नोंद केली आणि प्रश्न निकालात काढला. तिची चूक काय? इथे लोकांना जे हवं असतं तेच ते लिहितात. कॅनडातल्या एका कंपनीने हाच प्रश्न शिव्या घालून विचारला होता. त्यांना दुसऱ्या दिवशी उत्तर गेलं. मूल रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, आणि तुम्ही रडण्याआधी आईची क्षमा मागता.

आता एकच मार्ग आहे. ओगिनोंचे टाके उसवायचे, नवी आवृत्ती घालायची, आणि त्यातले चांगले टाके पुन्हा घालायचे. ते पत्राने होणारं काम नाही. बैल आतून माहीत असलेला माणूस ओगिनोंच्या शेजारी बसला तरच होईल.

हिसाओ


ओसाका, ९ जुलै

हिसाओ,

पावसाची झड संपत आलीय आणि घामाची सुरू झालीय.

'उत्तराची तसदी घेऊ नये' ही ओळ मीच लिहिली होती. हीसुद्धा तुझ्या आईनेच शिकवलेली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ओगिनो आणि मी टाके उसवतोय. एक उसवला की शेजारी दोन फाटतात. शाचोंनी पाचिंकोवाल्यांना जेवायला बोलावण्याचं ठरवलंय. आम्हाला कळलंय आणि आम्ही मूग गिळून बसलोय. ओगिनोंनी आपल्या टेबलावरच्या कुंड्या एकेक करून घरी न्यायला सुरुवात केलीय. तू याची थट्टा करशील, पण मला ते बघवत नाही. हा गट मी माणूस माणूस वेचून जमवलाय, आणि बैल आणायचा शिक्का माझा होता.

म्हणून तुझ्या कॅनडावाल्यांसारखं सरळ मागते. तुझ्या विभागातला एक माणूस सहा आठवड्यांसाठी इकडे पाठव. डेव्हला पाठव. नुसती नोरी खातो म्हणजे इथे उपाशी मरणार नाही.

आणखी एक. ऑगस्टच्या सुरुवातीला शाचो लॉस एंजेलिसला जातायत. तिथून वाट वाकडी करून तुमच्याकडे येणार, काळ्या पेटीच्या विभागाला उन्हाळ्याची भेट स्वतःच्या हाताने द्यायला. एखाद्याच्या वाट्याला डबा आला नाही तर ते महिनाभर झोपणार नाहीत. विभागात नेमकी माणसं किती? आकडा लिही.

इत्सुको


कोलंबस, १८ जुलै

ताई,

शाचोंनी येऊ नये. ऑगस्टमध्ये सगळा विभाग रजेवर असतो. शिवाय इमारतीला रंग द्यायचं चाललंय, त्याच्या वासाने वयस्क माणसाला त्रास होईल. भेटीची तर मुळीच गरज नाही. डेव्हला पाठवता येत नाही, त्याला विमानाची भीती वाटते. आकडा कमीजास्त होत असतो.

घाईत,
हिसाओ


ओसाका, १३ ऑगस्ट

हिसाओ,

ओबोन सुरू झाला. पूर्वज घरी यायच्या दिवशीच शाचोही परत आले, आणि ते पूर्वजांपेक्षा गप्प आहेत.

मी विचारलं, "विभाग काय म्हणाला?"

ते म्हणाले, "कुराता, एक मोठं दालन होतं. चाळीसेक माणसं. मी दारातच वाकलो. ते म्हणाले, हा पांढऱ्या पेटीचा विभाग, तुम्हाला हवाय तो तिकडे, कॉपी काढायच्या यंत्रामागे. तिकडे गेलो. एक टेबल होतं, एक खुर्ची. नोरीचे डबे पार खिडकीपर्यंत रचलेले. डब्यांच्या मागे एक माणूस खाली बसला होता. काहीतरी शोधत असेल म्हणून मी थांबलो. बराच वेळ शोधत होता."

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का रे? तेही डब्यांमागे?

शाचोंनी तीस डबे नेले होते. परत आणणं बरं दिसलं नसतं, म्हणून ते सगळे त्यांनी तुलाच दिले, आणि एकेक डबा देताना वाकून नमस्कार केला. हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले. मला म्हणाले, "चाळीस जणांचं काम एकटा करणाऱ्याला आपण त्रास देत होतो." पाचिंकोवाल्यांचं जेवण त्यांनी ऑक्टोबरअखेरपर्यंत पुढे ढकललंय. म्हणजे जे माझ्या विनवण्यांनी झालं नाही ते तुझ्या लपण्याने झालं.

आता माझा राग ऐक. तू एकटा आहेस याचा मला राग नाही. तिकडे डझनभर माणसं झोपा काढतायत असं समजून मी तुला टोचत राहिले, चित्रकारांचे कंदील विझवले, ओगिनोंना बैलाच्या पोटात ढकललं. तिकडे एकच माणूस आहे आणि तो जागा आहे, हे माहीत असतं तर मी त्या माणसाशी असं बोलले नसते. तू मला तसं वागायला लावलंस, याचं मला फार वाईट वाटतंय.

फरक का, हे मी मार्चमध्ये विचारलं होतं. भिंत, आचारी, ताटं, सगळं खरं आहे. पण नाव एक असलं तरी खालून प्रत्येक पेटीसाठी बैल वेगळ्या हातांनी घडवावा लागतो, आणि पांढऱ्या पेटीकडे चाळीस जोड्या हात आहेत आणि काळ्या पेटीकडे एक. हे तू पहिल्याच पत्रात लिहू शकला असतास. त्यात स्वयंपाकघराची गरज नव्हती.

रजा काढ आणि ये. मावशीला मी काही सांगितलेलं नाही. आलास तर सांगणारही नाही. ही धमकी आहे.

इत्सुको


कोलंबस, २० ऑगस्ट

ताई,

सुरुवातीला आम्ही तिघे होतो. मग कंपनीचा स्वतःचा खेळ पांढऱ्या पेटीवर धो धो खपला आणि दोघांना तिकडे ओढलं. उरलो मी, आणि उरलेला तोच प्रमुख, त्यामुळे आईला सांगितलं ते तसं खोटं नव्हतं. डेव्हसुद्धा आहे. तो कॉपीचं यंत्र दुरुस्त करायला येतो आणि त्याला नोरी खरंच आवडते.

तुला का नाही सांगितलं? एकटा आहे म्हटलं असतं तर तू शिक्का उमटवला नसतास. तुमचा परवाना आला नसता तर माझं टेबलही उरलं नसतं. एवढंच आहे ते.

सहा आठवड्यांची रजा मागितली. साहेब म्हणाले, "तेवढे दिवस काळ्या पेटीचं काम कोण बघणार?" मी म्हटलं, "आत्ता कोण बघतंय?" त्यांना आठवेना. रजा मंजूर झाली.

शनिवारी, १ सप्टेंबरला पोहोचतो. ओगिनोंना सांग, कुंड्या आहेत तिथेच राहू देत.

हिसाओ


कोलंबस, १० डिसेंबर

ती. ताई,

ओहायोत पहिला बर्फ पडला. तुमचा खेळ पडला नाही.

इथल्या मासिकांत आलेलं कापून सोबत पाठवतोय. एकजण लिहितो, 'काळ्या पेटीची अफाट ताकद अखेर दिसली.' दुसरा म्हणतो, 'कंदिलांच्या गल्लीत पांढऱ्या पेटीवर ओरिन मध्येच अडखळते. या पेटीच्या मर्यादा आता उघड होत आहेत.' ताकद म्हणे. ओगिनो, तू आणि मी सहा आठवडे एका टेबलाशी बसून मदतनिसांना ताटं वाढत होतो, त्याला पेटीची ताकद म्हणतात.

मदतनीस कामाला लागल्यावर तुझ्या चित्रकारांनी सूड म्हणून कंदील दुप्पट केले, आठवतं ना? ते आमच्या काळ्या पेटीसमोर बसून केले. आता पांढऱ्या घरातले तीन आचारी त्या कंदिलांखाली घामाघूम झालेत. तक्रारी इथवर पोहोचल्या. चाळीस जणांची बैठक झाली. निष्कर्ष असा निघाला की बैलात दोष नाही, तुमचे चित्रकार कंदील फार लावतात. मी टाळ्या वाजवल्या.

मग साहेब म्हणाले, काळ्या पेटीवर आता सगळं सुरळीत चालतंय, म्हणजे त्या विभागाची गरज उरली नाही. मला पांढऱ्या विभागात बसवलंय, एकेचाळिसावा. माझं टेबल नेलं आणि त्या जागी पाणी प्यायचं यंत्र आलं. मी काम इतकं चांगलं केलं की माझी जागाच गेली. हसू येतंय, पण सकाळी पाणी प्यायला गेलो की येत नाही.

आईला कळवू नकोस. या वर्षी भेट पाठवलीत तर वर कोणाचं नाव घालाल हे मला समजत नाही.

हिसाओ


ओसाका, २२ डिसेंबर

हिसाओ,

थंडी कडक आहे. ओगिनोंच्या कुंड्या खिडकीत आहेत, पाचिंकोवाल्यांचं जेवण रद्द झालं, आणि नऊच्या नऊ जण जागच्या जागी आहेत. चित्रकार माझ्याशी बोलायला लागलेत, आता थांबत नाहीत.

आमच्याच कंपनीतला पांढऱ्या पेटीचा गट काल माझ्यासमोर येऊन उभा राहिला. चेहरे ओढलेले. विचारतात काय, "कुराता-सान, इंजिन एक, खेळ एक, मग फरक का?" मी म्हटलं, "सांगते. त्याचं असं आहे, तुमच्याकडे तीन आचारी आहेत..." पण मग मला त्यांची दया आली आणि मी ओगिनोंना त्यांच्याकडे पाठवलं.

पुढच्या खेळासाठी बैलाचा परवाना पुन्हा घ्यायचा का, यावर शाचोंनी बैठक बोलावली. त्यांनी एवढंच विचारलं, "काळ्या पेटीच्या विभागात सध्या कोण आहे?" मी म्हटलं, "पाणी प्यायचं यंत्र." त्यांनी समोरचा कागद उलटा करून ठेवला. मला वाटलं परवान्याचा विचार करतायत. मग म्हणाले, "म्हणजे भेट द्यायला कोणीच नाही? आणि तो माणूस कुठे बसतो?"

बैल आम्ही घेतोय. पोट उघडण्याच्या हक्कासकट घेतोय. त्याबरोबर आणखी एक प्रस्ताव फिरला, गटात दहावी खुर्ची ठेवण्याचा. त्यावर पहिला शिक्का माझा आहे. या खेपेस पलीकडे माणसं किती आहेत ते मी नीट मोजून घेतलंय.

मावशीला सांगितलंय की तू बढतीवर परत येतोयस. गोबोच्या बाजारात एव्हाना तू उपाध्यक्ष झाला असशील, ते तुझं तू निस्तर. यंदा भेट पाठवत नाही. राहिलेले डबे डेव्हला देऊन टाक आणि सामान कमी आण, नोरी इकडे मिळते.

उत्तराची तसदी घ्यावी.

इत्सुको